बाबांना ‘कोर्ट’ दाखवलास? आता तू ‘माने’ बघ!

आधी पत्र, थोडं कापून देतेय, कारण मूळ पत्र साडेचार पानी होतं आणि त्यातली दोन पानं कोरियन सिनेमावर होती.

“मावशी, मी ३१ वर्षांचा, वाकडला राहतो, आयटीत आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून माझ्याकडेच असतात. दिवसभर बातम्यांचे चॅनेल आणि मोबाईलवर रील्स, दुसरं काही नाही. मला पिक्चरचं भयंकर वेड, दरवर्षी सुट्टी टाकून पिफला, म्हणजे पुण्याच्या फिल्म फेस्टिवलला जातो. म्हटलं बाबांनाही काहीतरी चांगलं दाखवू, दर रविवारी एक. पहिल्या रविवारी ‘कोर्ट’ लावला, वीस मिनिटात घोरायला लागले. पुढच्या रविवारी एक इराणी लावला, तर अर्ध्यात चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, बंद कर रे, त्यापेक्षा माने लाव. माने म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’. तो त्यांनी पन्नास वेळा तरी बघितला असेल (आई असताना दोघं बघायचे, आई जोक यायच्या आधीच हसायला लागायची) आणि अजूनही पहिल्यांदा बघितल्यासारखे हसतात. मला आता तो सहन होत नाही. दोघांनाही आवडतील अशा दहा पिक्चरची यादी द्याल का? आणि लोकांना तेच तेच पिक्चर एवढे का आवडतात हे पण सांगा. – एक वैतागलेला मुलगा.”

अरे वैतागलेल्या मुला, यादी हवी तर नेटवर हजार मिळतील, बघायलाच हवेत असे शंभर, मरायच्या आधी बघा असे पन्नास. तुझ्याकडे स्वतःची सुद्धा असणार, बहुतेक एक्सेलमध्ये. त्यामुळे ती मी देणार नाही. म्हणजे पिक्चर सांगते, भरपूर सांगते, पण एकातून दुसऱ्यात कसं जायचं ते सांगते, कारण तुझी गडबड तिथे झालीये.

पहिलं ‘कोर्ट’चं बोलू. मला तो पिक्चर फार आवडतो, गैरसमज नको. चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला भारताकडून गेला, सगळं खरं. कॅमेरा एका जागी ठेवलेला, लांबून, आणि समोर तारीख पे तारीख चाललंय, सरकारी वकीलबाई एकसुरात कलमं वाचतायत. तुला त्यात मजा येते कारण एवढा वेळ नुसतं बसून बघायची तुला सवयच नाही, ती वाट बघण्याची चीज तुझ्यासाठी नवीन आहे. तुझ्या बाबांनी आयुष्यभर टेबलामागे बसलेल्या माणसांची वाट बघितलीये. डेपोत, बँकेत, पेन्शनच्या कागदांसाठी, आईच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकड्यावर पण बघितलीच असेल. त्यांना ते वीस मिनिटं म्हणजे रविवारी पुन्हा ड्युटी लावल्यासारखं झालं, आणि माणूस ड्युटीवर डुलकी काढतोच. ते झोपले म्हणजे त्यांना सिनेमा कळत नाही असं मनात आणलं असशील (आणलंयस, पत्रात दिसतंय) तर काढून टाक.

आता माने.

तू म्हणतोस सहन होत नाही. बरोबर आहे, पन्नास वेळा काहीही सहन होत नाही, पुरणपोळी पण नाही. पण एवढा पिफला जाणारा मुलगा तू, तर मला सांग, हीच गोष्ट हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली हिंदीत केली होती, ‘बीवी और मकान’ नावाने, मित्रांना खोली मिळत नाही म्हणून त्यातले दोघं बायका बनतात, सगळं तेच. मुखर्जी म्हणजे काय लहान माणूस नव्हे. तरी तो पिक्चर आज कितीजणांना आठवतो? आणि १९८८ च्या सप्टेंबरात आलेला मराठी पिक्चर आज रील्समध्ये फिरतोय, कॉलेजची पोरं त्यातलं बोलतायत. गोष्ट तीच, मग फरक कशाने पडला?

माझं उत्तर एकच, वसंत सबनीस. संवाद त्यांचे. हे तेच सबनीस ज्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं, दादा कोंडके ज्यात उभे राहिले ते लोकनाट्य, आणि पुढे दादांचा ‘सोंगाड्या’ पण त्यांनीच लिहिला. म्हणजे हा माणूस तमाशातल्या बतावणीच्या शाळेत शिकलेला. बतावणीत काय असतं, एकाने सरळ विचारायचं, दुसऱ्याने वाकडं उत्तर द्यायचं, आणि ते वाकडं उत्तर एवढ्या गंभीर तोंडाने द्यायचं की विचारणाराच गडबडला पाहिजे. आता अशोक सराफ आणि सुधीर जोशींचा सत्तर रुपयांचा सीन लाव आणि नुसता कान देऊन ऐक, बघू नकोस. औषध आणणारा वारला, आणि त्याच्याबरोबर तुमचे सत्तर रुपयेही वारले, हे अशोक सराफ असं सांगतात जसं खरंच सुतक आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो जोक पडेल. तू ज्याला बावळटपणा समजतोस ते टायमिंग आहे रे, आणि ते दोनशे वर्षं फडावर घासून घासून आलंय. पुरुषाने लुगडं नेसून मावशी व्हायचं हे पण तमाशाच्या गवळणीतलंच, त्यामुळे पार्वती आणि सुधा या आपल्याकडे परक्या नव्हत्याच. (मी मावशी म्हणून सदर लिहिते म्हणून सांगत नाहीये.)

आणि त्या सगळ्या हसण्याच्या खाली एक फार साधी अडचण आहे, शहरात खोली मिळत नाही. चार पोरं, खिशात पैसे नाहीत, मालक हाकलतोय. आता बाबांना विचार, १९८८ ला ते कुठे होते? तू ३१ चा, म्हणजे ते तेव्हा पंचवीस-सव्वीसचे असतील, नोकरी नवीन, लग्न झालेलं किंवा ठरलेलं. पहिली खोली कुठे मिळाली, भाडं किती, मालक कसा होता, आई आल्यावर तो काय म्हणाला. मला खात्री आहे तुला यातलं काहीही माहीत नाही. मी पण माझ्या अण्णांना कधी विचारलं नव्हतं.

तो पिक्चर परफेक्ट आहे असं मी म्हणत नाही हं. गाणी येतात तेव्हा मी चहा टाकायला उठते, आणि शेवटी सगळ्यांची लग्नं जुळवायची म्हणून जी घाई होते ती घाईच आहे. बायकांच्या वेशावरचे काही विनोद आज टोचतात. माझी भाची तर एकदा अर्ध्यातून उठून गेली होती आणि तिचं म्हणणं मला पटलं होतं, आणि तरी धनंजय माने इथेच राहतात का हे कुठे ऐकलं की तोंडावर आपोआप हसू येतंच.

हे घरात शिरणं म्हणजेच पिक्चर आवडणं, असं मला आता या वयात वाटायला लागलंय. कुठला पिक्चर थोर हे परीक्षक ठरवतात, पण आवडता कुठला ते तुमच्या स्वयंपाकघरात कळतं. ज्यातलं वाक्य बेल वाजली की, पैसे बुडाले की, पिवळी साडी दिसली की आपसूक तोंडात येतं, तो आवडता. ‘झपाटलेला’ बघ, १९९३ चा, आमच्याकडे लाईट गेली की अजूनही कुणीतरी अंधारात ओम फट् स्वाहा म्हणतंच, आणि ती रामदास पाध्यांची बाहुली प्रत्यक्षात केवढीशी, पण माझा धाकटा भाऊ दोन महिने एकटा बाथरूमला जात नव्हता. थोर सिनेमा नाही तो. पण घरचा आहे.

आणि आता तुझ्या पत्रातलं कंसातलं वाक्य. “आई जोक यायच्या आधीच हसायला लागायची.” एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि सगळ्यात महत्त्वाचं ते कंसात टाकलंस. अरे, पाठ असलेल्या पिक्चरमध्ये पडद्याकडे बघावंच लागत नाही, शेजारच्याकडे बघता येतं. आता येणार, आता येणार, आणि ती बघ हसली. बाबा पन्नास वेळा ‘बनवाबनवी’ बघत होते असं तुला वाटतंय, मला वाटतं त्यातल्या निम्म्या वेळा ते आईकडे बघत असणार. इराणी पिक्चर कितीही चांगला असला तरी त्यात ही सोय नाही, तो वाचायला लागतो.

आमच्या अण्णांची गोष्ट सांगते आणि मग यादीकडे वळते. अण्णा तलाठी, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. आमच्या वाड्यात टीव्ही आमच्याकडेच, शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी पिक्चर लागायचा तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत पाय ठेवायला जागा नाही. एकदा ‘श्यामची आई’ लागला, अत्र्यांचा, १९५३ चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या आणि शेवट जवळ आला तसे अण्णा उठले, म्हणाले अँटेना हलली वाटतं, आणि गच्चीवर गेले. चित्र स्वच्छ दिसत होतं रे, एक मुंगी नव्हती पडद्यावर. पिक्चर संपला, बातम्या सुरू झाल्या तरी खाली आले नाहीत. त्यांची आई त्याच वर्षी गेली होती आणि तेव्हा ते रडले नव्हते, सगळं कार्य उभं राहून केलं होतं. पुढे दोनदा तो पिक्चर लागला, दोन्ही वेळा अँटेना हलली. आवडता पिक्चर कोणता विचारलं तर काय सांगायचे माहितीये? ‘श्यामची आई’. शेवट न बघता.

म्हणून तुला एक सांगते, ‘श्वास’ आणि ‘व्हेंटिलेटर’ हे दोन इतक्यात लावू नकोस. दोन्ही सुंदर आहेत. ‘श्वास’मधला आजोबा ऑपरेशनच्या आधी नातवाला हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातो, त्याला शेवटचं जग दाखवायला, ते मी थेटरात बघितलं तेव्हा दोन रांगा नाक ओढत होत्या. पण हॉस्पिटलचा कॉरिडॉर दोन वर्षांपूर्वी ज्याने खरा बघितलाय त्याला टीव्हीवर तुझ्यासमोर बसून बघायला लावायचं, आणि तुमच्या फ्लॅटला गच्ची पण चार मजले वर. त्यांनी स्वतः लाव म्हटलं तर लाव.

बरं. तर करायचं काय. एक रविवार त्यांचा, एक रविवार तुझा. पण तुझा रविवार त्यांच्या रविवारच्या शेपटीला बांधायचा, नटाचा धागा धरून.

त्यांच्या पहिल्या रविवारी माने. हो, तूच लावायचा, कुरकुर न करता. पुढच्या रविवारी तू लक्ष्याचाच, म्हणजे त्यातली पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेचा, ‘एक होता विदूषक’ लाव. १९९२ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा आणि संवाद पु. लं.चे. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा हिरो होतो आणि मग राजकारणात ओढला जातो. तो तेव्हा फारसा चालला नाही, लोकांना हसवणारा लक्ष्याच हवा होता. बाबा कदाचित म्हणतील हा कसला लक्ष्या, पण झोपणार नाहीत, कारण माणूस ओळखीचा आहे. आपला माणूस आज असा गप्प का, हे बघायला ते जागे राहतील. ‘कोर्ट’मध्ये त्यांच्या ओळखीचं कोणीच नव्हतं बघ.

मग बाबांना विचार, तंबूत काय बघायचात? यात्रेतल्या तंबू थेटरातल्या लोकांचं उत्तर बहुतेक वेळा ‘पिंजरा’ येतं, १९७२ चा, शांतारामबापूंचा. माझ्या मामांच्या गावाला तंबूत बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधे कापड, आणि उशीर झाला तर पडद्याच्या मागच्या बाजूने उलटा पिक्चर बघायचा. मामा म्हणायचे मी ‘पिंजरा’ दोन्ही बाजूंनी बघितलाय. डॉ. लागूंचा तो पहिला पिक्चर, आदर्श मास्तर, तमाशातल्या बाईपायी कसा कुठल्या कुठे जातो. राम कदमांची गाणी, खेबुडकरांचे शब्द, बाबा सगळी म्हणतील, म्हणू दे. तुला कंटाळा येऊ नये म्हणून तुझ्यासाठी एक आमिष, या गोष्टीचं मूळ ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन सिनेमात आहे. तू तो पिफवाल्या मित्रांबरोबर नक्की बघितला असशील. आता शेवट ताडून बघ, शांतारामबापूंनी तो पार वेगळीकडे नेलाय, आणि माझ्या मते जास्त भयंकर केलाय.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुझा ‘सामना’. पुन्हा लागू, पुन्हा निळू फुले (तेही ‘पिंजरा’त होते), आणि पुन्हा लागू मास्तरच! पण हा मास्तर दारुडा, कुठून आला कुणाला माहीत नाही, आणि साखर कारखान्याच्या मालकासारख्या वागणाऱ्या हिंदुरावला एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? तेंडुलकरांनी लिहिलेला, पटेलांचा पहिला, १९७५ ला बर्लिनच्या फेस्टिवलला गेलेला. म्हणजे तुझं फेस्टिवल पण झालं. ज्या माणसाने ग्रामीण भागात एसटी चालताना बघितलीये, कोणाला बघून गाडी थांबते आणि कोणाला बघून थांबत नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘सामना’ समजावून सांगावा लागत नाही. उलट तेच तुला सांगतील. तिथून ‘सिंहासन’ एक पायरीवर, १९७९ चा, निळूभाऊ त्यात पत्रकार. त्यानंतर वाटलं तर ‘कोर्ट’ पुन्हा लाव, तेव्हा बघ झोपतात का.

नुसतं राजकारण नको वाटलं तर ‘जैत रे जैत’. १९७७ चा, पुन्हा पटेल, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, ठाकर आदिवासींची वस्ती, डोंगर, राणीमाशी, आणि अर्धी गोष्ट गाण्यातूनच सांगितलेली. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. आवाज चांगला असलेला टीव्ही लागेल, मोबाईलवर बघितलास तर माझ्याशी बोलू नकोस. आणि त्यातला नाग्या, म्हणजे आगाशे, म्हातारा होऊन ‘वळू’मध्ये सरपंच झालेला सापडतो. ‘वळू’ तर बाबांना दाखवच. २००८ चा, उमेश कुलकर्णीचा. गावात एक देवाला सोडलेला बैल उधळलाय आणि त्याला पकडायला फॉरेस्टचा साहेब येतो, एवढीच गोष्ट, पण गावात काहीही बिघडलं की बैलाच्या नावावर कसं खपवतात ते बघ. ‘वळू’ आवडला की त्याच टीमचा ‘देऊळ’.

‘एलिझाबेथ एकादशी’ मी बाबांसाठी खास राखून ठेवलाय. पंढरपूर, यात्रेची गर्दी, आणि वडील गेलेली दोन पोरं, वडिलांनी बनवलेली सायकल विकायला लागू नये म्हणून आईला चोरून बांगड्यांचं दुकान लावतात. बाबांनी यात्रा स्पेशलला ड्युटी केलीच असणार, त्या गर्दीतून तिकीटं फाडत गेलेला माणूस आहे तो. त्यांना मधेमधे बोलू दे. पिक्चर थांबव हवं तर. ‘फँड्री’ शेवटी ठेव, आणि तो संपल्यावर लगेच काही बोलू नकोस. दिवा पण लगेच लावू नकोस.

हिंदी हवा असेल तर ‘गोलमाल’, ‘चुपके चुपके’, ‘छोटी सी बात’, यावर मी काय वेगळं सांगू, हे वरणभात आहेत, पोट बिघडलं की खायचे.

आता बारीकसारीक. पिक्चर शनिवारीच ठरवून ठेव, रविवारी जेवण झाल्यावर रिमोट घेऊन तासभर वरखाली करत बसलास की बाबा बातम्या लावणारच, मी पण लावीन. कुठला पिक्चर कुठल्या अ‍ॅपवर आहे हे सारखं बदलतं म्हणून आधी शोध. मधे इंटर्वल कर, खरा, चहाबिस्किटांचा. जुने पिक्चर इंटर्वल धरूनच बांधलेले असतात, तिथे थांबायची त्या पिढीला सवय आहे आणि खरं बोलणं त्या दहा मिनिटातच होतं. तुझा फोन आतल्या खोलीत. त्यांचा राहू दे, त्यांना कोणाचे फोन येतात असे, आला तर घेऊ दे. आणि पिक्चर चालू असताना हा शॉट बघा, हे बघा कसं फ्रेम केलंय, असं करू नकोस रे. माझा एक पुतण्या करतो. आम्ही त्याला पापड तळायला पाठवतो.

‘सामना’ त्यांनी बघितला नसेल तर मारुती कांबळेचं काय झालं ते आधी सांगू नकोस. आणि यातल्या कुठल्याही रविवारी झोपले तर झोपू दे, फक्त टीव्ही बंद करू नकोस. आवाज थांबला की जाग येते.